बाळाबाईची उपाशी टाकी

पिरनवाडीत आपल्या दारात गोबरगॅस बसवायचा असं बाळाबाईनं ठरवलं, तेव्हा तिला शेणाची माहिती होती पण गॅसची नव्हती. तिला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. एक, निपाणीच्या विहिणीला आपल्या घरच्या निळ्या जाळावरचा चहा पाजायचा. आणि दोन, आपल्या नवऱ्याला, भावकू आप्पाला, बैलगाडीवरून खाली उतरवून सोप्यात खुर्चीवर बसवायचं. पोरगा परशराम बेळगावात बँकेत कारकून, आणि बाप रोज पहाटे कोबी-गाजराची गाडी हाकत त्याच बँकेच्या दारावरून मार्केटला जातो, हे तिला फार दिवस बोचत होतं. साहेबाच्या बापानं बसून खावं, एवढंच तिचं म्हणणं. जन्मभर गाडीच्या धुरेवर बसलेला माणूस खुर्चीवर बसून काय करील, हे तिनं कुणाला विचारलं नाही. बाळाबाई विचारत नसे. ती सांगत असे.

निमित्त निपाणीचं झालं. सून रेणुका तिकडची. तिच्या माहेरी तिच्या भाच्याच्या बारशाला नवरा-बायको गेले, तर विहीणबाईंनी आत जाऊन काडी ओढली आणि बाळाबाई पदर सावरून मांडी घालते तोवर चहा पुढ्यात. बाटलीचा गॅस. वर विहीणबाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या, तुमच्याकडं अजून फुंकणीच असेल न्हवं, म्हणून आमच्या रेणीचे डोळे लाल दिसतात. बाळाबाईनं चहा अर्धा ठेवला. परतीच्या एसटीत ती एक शब्द बोलली नाही. संकेश्वरपर्यंत भावकू आप्पाला ते बरं वाटलं. हत्तरगी मागं पडली तेव्हा मात्र त्यानं काळजीनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

बाटलीचा गॅस नोंदवावा असं परशराम म्हणाला, पण नोंदणी करून पाच-सहा वर्षं वाट बघायची आणि बाटली संपली की दुकानदारापुढं हात जोडायचे, हे बाळाबाईला मान्य नव्हतं. आपल्या दावणीचा गॅस आपला, असं तिनं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे विहिरीवर चार बाया असताना मोठ्यानं बोलली. मग सल्ले सुरू झाले. शेजारची जयाबाई म्हणाली, शेणाच्या जाळावर भाकरीला वास येतो, आणि देवाला निवद कसा दाखवायचा? बाळाबाईनं तिला विचारलं की शेणानं सारवलेल्या जमिनीवर तुमचा देव बसतो तेव्हा नाक धरून बसतो काय. जयाबाई घागर उचलून गेली. पण ती हरली नाही, हे पुढं दिसेलच.

दुसरे सल्लागार सुभेदार मारुतीराव. हे मिलिटरीतून पेन्शनीत आलेले, आणि गावात कुठंही खड्डा पडला तरी त्याच्या काठावर हजर. आसामात गॅसची टाकी उडाली आणि तंबू थेट नदीपलीकडं पडला, ही गोष्ट त्यांनी बाळाबाईच्या अंगणात तीनदा सांगितली आणि प्रत्येक वेळी नदी रुंद होत गेली. तरी टाकी बसवायला त्यांचीच जास्त घाई. हातातल्या काठीनं त्यांनी धुळीत नकाशा काढला, उत्तर कुठं, दक्षिण कुठं ते दाखवलं, आणि मग नकाशावरून कोंबड्या चालत गेल्या.

ब्लॉक ऑफिसातला साहेब यायला दिवाळी गेली. तो आधी आला तो चुकीच्या गल्लीत, मग आला तो जनावरं चरायला गेल्यावर. जनावरं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला टाकी मंजूर करता येत नव्हती. शेवटी आला, सोप्यात बसला, चहा प्याला, आणि चांगलं बोलला. म्हणाला, एक चूल वर्षाकाठी एक झाड खाते. घरोघरी अशी टाकी झाली तर खानापूरकडचं रान वाचेल. हे सगळं कानडीत होतं आणि परशराम मराठीत सांगत होता. घरात ते मन लावून ऐकलं एकट्या भावकू आप्पानं. त्या रस्त्यावर त्याचा जन्म गेला होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या बारकेपणी मच्छे गाव सोडलं की रानाचा गारवा लागायचा. बैलं आपोआप चालायची." साहेबाला मराठी कळलं की नाही कुणास ठाऊक, पण त्यानं मान हलवली.

मग प्रश्न आला टाकीच्या आकाराचा. घरात जनावरं तीन: तांब्या आणि कवड्या हे बैल, आणि एक म्हैस. तेवढ्या शेणाला लहान टाकी. साहेबानं हातानं तिची रुंदी दाखवली. बाळाबाई बघत राहिली. एवढीशी टाकी तिला मोरीतल्या बादलीसारखी वाटली. विहिणीला ही दाखवायची? तिनं साहेबाला सांगून टाकलं की आणखी जनावरं रानात आहेत, तुम्ही परवा या.

परवा तिच्या दावणीला सहा जनावरं होती. जयाबाईच्या दोन म्हशी, सुभेदारांची एक गाय. जयाबाईनं म्हशी दिल्या त्या उपकार म्हणून नव्हे. बाळाबाई आपल्या दाराशी काही मागायला आली, हे बघायला मिळालं म्हणून. साहेबानं दारातच जनावरं किती ते विचारलं, "दना एष्टु अदाव?" बाळाबाईनं परशरामाला तोंड उघडू दिलं नाही. "आरु," ती म्हणाली. साहेब कागदावर सहा लिहीत होता तेवढ्यात जयाबाईच्या थोरल्या म्हशीनं मान वर केली, दावं हिसडलं, आणि सगळ्यांच्या देखत रस्ता ओलांडून आपल्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. साहेबाचं पेन थांबलं.

"दुपारची जाती ती तिकडं," बाळाबाई म्हणाली. "म्हायेर हाय तिचं."

मोठी टाकी मंजूर झाली.

पण टाकीला ऊन पाहिजे, सावलीत शेण नीट कुजत नाही. साहेबानं अंगणातल्या फणसाकडं बोट केलं. हा फणस कुणी लावला ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या सावलीत बैल बांधायचे एवढंच माहीत होतं. भावकू आप्पा म्हणाला, "मग बैलं कुठं बांधू?" बाळाबाईनं पलीकडची भिंत दाखवली. फणस दोन दिवसांत आडवा झाला. भरमू गवंड्यानं खड्डा खोदला, त्यावर सुभेदार उभे राहून पावलांनी मापं देत होते. ती पावलं परेडची होती. खड्डा तयार झाला तेव्हा तो अंड्यासारखा लांबट होता आणि येणारी टाकी गोल. विटा काढून पुन्हा बांधायला लागला. भट्टीवरून आणखी विटा आणल्या. भट्टीत काय जळतं, हे कुणी विचारलं नाही. इकडं लोखंडी टाकी येईना. पत्रा नाही, मग पत्रा आहे पण सही नाही, मग सही करणारा रजेवर. संक्रांत गेली, शिमगा गेला. तोवर चूल पेटतच होती आणि चुलीत फणसाचा ओंडका फोडून घातला जात होता. रान वाचवायला निघालेल्या घरानं पहिल्यांदा दारातलं झाड खाऊन टाकलं.

अखेर टाकी आली. उद्यमबागेतल्या कारखान्यातून ती आणायची म्हणून भावकू आप्पानं आदल्या दिवशी बैल घासून धुतले. शिंगांना तेल लावलं. एरवी कोबी वाहणाऱ्या गाडीवर उलटी घातलेली ती एवढी मोठी काळी टाकी, पुढं घुंगरांचे बैल, आणि धुरेवर हा ताठ बसलेला. गल्लीतली पोरं मागनं पळत होती. दारात आल्यावर तो बाळाबाईकडं बघून हसला, आणि बाळाबाईनं डोळे वटारले, कारण सगळे बघत होते. पुढं तिला त्या हसण्याची फार आठवण यायची.

पहिल्यांदा टाकी भरायला गाड्या-गाड्यांनी शेण लागतं, हे साहेबानं सांगितलं होतं, पण कानडीत सांगितलं होतं आणि परशरामानं तेवढंच गाळलं. त्या म्हशी-गाय सोडली तर मिठाचा खडाही कुणाकडं न मागितलेली बाळाबाई दारोदार गेली. ती मागायचीसुद्धा अशी, की जणू समोरच्याच्या दारात साठलेली घाण काढून देऊन त्याच्यावर मेहेरबानी करतेय.

मग निपाणीला निरोप गेला. विहीणबाई आल्या. आदल्या दिवशी बाळाबाईनं हळदकुंकू वाहून स्वतःच्या हातानं जुनी चूल फोडली होती. सगळे स्वयंपाकघरात जमले. रेणुकानं चावी फिरवली, काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. सुभेदार दोन पावलं मागं सरकले. नुसताच फुसफुस वारा येत होता. पहिला गॅस पेटत नसतो, तो सोडून द्यायचा असतो, हे साहेबानं नंतर सांगितलं. तोवर घरामागच्या परड्यात तीन दगड मांडून, फणसाचं शेवटचं लाकूड घालून रेणुकानं चहा केला. धुरानं सगळ्यांचे डोळे भरून आले. विहीणबाई म्हणाल्या, चहाला काही वेगळीच चव आहे. बाळाबाई बोलली असती तर सोयरीक मोडली असती.

चार दिवसांनी एका सकाळी जाळ पेटला. घरात त्या वेळी दोघंच होती, ती आणि भावकू आप्पा. तो खाली उकिडवा बसला, त्या जाळाकडं बराच वेळ बघत राहिला.

"निळा हाय गं," तो म्हणाला. "शेणातनं निळा."

बाळाबाईला वाटलं, आता काही राहिलं नाही.

पण त्या टाकीचं एक वाईट होतं. गॅस भरला की ती खड्ड्यातून वर उचलायची, गॅस संपला की खाली बसायची. आणि ती होती अंगणात, रस्त्याला लागून. बाळाबाईच्या घरात आज काय शिजणार, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकी बघून कळायला लागलं. सहा जनावरांची टाकी आणि तीन जनावरांचं शेण, त्यामुळं ती कायम अर्ध्यात. जयाबाई कुंपणावरून मान काढून म्हणायची, आज टाकी लईच खाली बसली, पावणं येऊन जेवून गेलं जणू. बाळाबाईनं टाकीवर जुनं लुगडं टाकलं. संध्याकाळच्या स्वयंपाकाला टाकी खाली गेली ती लुगडं घेऊनच गेली. ते धुवायला रेणुकाला दोन दिवस लागले आणि नेसायला कुणी धजलं नाही.

याच सुमारास परशरामाच्या स्कूटरचा नंबर लागला. लग्नाआधी नोंदवलेली स्कूटर. आता घेतली नाही तर दुसऱ्याला जाणार. गावच्या नाक्यावरून सगळ्यांची भाजी नेणारा टेम्पोही सुरू झाला होता. लोक म्हणू लागले, बैलं आता कशाला पोसायची. परशराम बापापुढं काही बोलला नाही, आईपुढं बोलला. बाळाबाईनं रात्रभर विचार केला असं ती सांगायची, पण तिचा विचार जेवताना ताट पुसून होईपर्यंतच झाला होता. बैल विकले की हे आपोआप खुर्चीवर बसणार. तिनं भावकू आप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "बघा तुमचं."

गिऱ्हाईक रेणुकाच्या वडिलांनी लावून दिलं, सदलग्याचं, उसाच्या गाडीला पाहिजे म्हणून. विकलेल्या जनावराबरोबर आपल्या घरचं दावं देत नाहीत, म्हणून त्या माणसानं स्वतःची दावी आणली होती. भावकू आप्पानं जुनी सोडली, नवी बांधली. मग तो त्या माणसाबरोबर चालत गेला. संध्याकाळी परत आला तो पायांना शहराची धूळ घेऊन. बाळाबाईनं पाणी दिलं. तो म्हणाला, तांब्याला डाव्या अंगाला जुंपायचं, उजवीकडं तो बिचकतो, हे त्या माणसाला नीट सांगितलं. लक्षात ठेवील न्हवं? बाळाबाई म्हणाली, ठेवील की. त्यानं पुन्हा विचारलं. त्या रात्री त्यानं चारदा विचारलं.

मोठी टाकी घ्यायची हे त्याच अंगणात ठरलं होतं आणि बैल विकायचे हेही त्याच अंगणात. पण ह्या दोन गोष्टींची आपसात गाठ कुणी घालून दिली नाही. एवढा बँकेत बेरजा करणारा पोरगा, त्यालाही सुचलं नाही की बैल गेले म्हणजे नुसते बैल जात नाहीत.

गोठ्यात बैलांच्या जागी स्कूटर उभी राहिली. ती सकाळी सुरू होत नसे. परशराम तिला एका अंगावर तिरकी करायचा, मग सरळ करायचा, मग लाथ मारायचा. बैलाला असं केलं असतं तर आप्पानं हात मोडला असता. एकदा बाळाबाई मोठ्या दिमाखात मागं बसून बेळगावला निघाली. तिसऱ्या रेल्वे फाटकाशी गाडी बंद पडली, आणि आई मागं बसली आहे हे विसरून परशरामानं ती तिरकी केली. बाळाबाई फाटकाच्या गर्दीत रस्त्यावर बसली. चार लोक उचलायला धावले, त्यांना तिनं सांगितलं की मला इथंच उतरायचं होतं. तिथून ती मार्केटपर्यंत चालत गेली. घरी आल्यावर तिनं स्कूटरविषयी आपलं मत सांगितलं ते गावात पुष्कळ दिवस टिकलं: "खातीया बैलापेक्षा जास्त, आणि मागनं पडतंय काय? धूर. तो बी टाकीत घालाय येत न्हाय."

बेंदूर आला. बैलाच्या सणाला गोठ्यात बैल नाही. परशरामानं स्कूटर धुतली, हॅन्डलला झेंडूची माळ घातली, रेणुकानं हळदीकुंकू लावून सीटवर पुरणपोळी ठेवली. पोरंबाळं हसली. बाळाबाईही थोडी हसली. भावकू आप्पा पुढं झाला, त्यानं ती पोळी सीटवरून उचलली, धोतराच्या सोग्यात धरली आणि भरमूच्या बैलांना घालायला गल्लीच्या टोकापर्यंत गेला. माळ मात्र संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

एका म्हशीच्या शेणावर ती टाकी जगणार कशी. आधी दुपारचा स्वयंपाक गेला, मग संध्याकाळचा. शेवटी निळा जाळ सकाळच्या चहापुरता उरला, तोही साखर विरघळेपर्यंत. चूल फोडलेली, फणस जळून गेलेला. रेणुका रॉकेलच्या रांगेत उभी राहायला लागली, आणि रॉकेल नसेल त्या दिवशी परड्यात पुन्हा तीन दगड. तिचे डोळे होते तसे लाल झाले. लाकूड आता मोळीवालीकडून घ्यायचं, आणि मोळी कुठल्या रानातून येते ते आप्पाला विचारायची गरज नव्हती.

आणि आप्पा खुर्चीवर बसला होता. बाळाबाईनं सांगितलं होतं तसाच, सोप्यात, रस्त्याकडं तोंड करून, धुतलेला सदरा घालून. सकाळी खानापूर रस्त्यानं पिंजराच्या, भाताच्या वाळल्या काडाच्या, गाड्या शहराकडं जायच्या. तो न बघता नुसत्या घुंगरांवरून सांगायचा, ही नंदीहळ्ळीची, ही गर्लगुंजीची, ह्याचा उजवा बैल लंगडतोय. ऐकायला कुणी नसलं तरी सांगायचा. मग गाड्या संपायच्या आणि तो भिंतीकडं बघत राहायचा. ताटात अर्धी भाकरी तशीच. बाळाबाईला हे दिसत होतं. पण बसून खायला मिळालं की माणसाची भूक मरतेच, असं तिनं जयाबाईला सांगितलं, आणि त्या वेळी स्वतःलाही.

पुढं दसऱ्याच्या आसपास टाकी वर यायला लागली. पहिल्यांदा वीतभर, मग हातभर. सकाळचा चहा होऊन वर भाकऱ्याही भाजायला लागल्या. बाळाबाईनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, तिला जास्तीची पेंड घातली, आणि कुंपणाशी जाऊन जयाबाईपुढं म्हशीचं तोंडभरून कौतुक केलं. जयाबाई ऐकून घेत होती. ती इतका वेळ गप्प राहिली तेव्हाच बाळाबाईनं ओळखायला पाहिजे होतं.

"म्हशीचं कशाला कवतिक, आक्का," जयाबाई म्हणाली. "आप्पा टोपली घिऊन खानापूर रोडला असत्यात. गाड्यांच्या मागनं पडलेलं उचलत्यात. सगळ्या गावाला ठावं हाय की."

बाळाबाई आत आली. बँकेतल्या साहेबाचा बाप, सुभेदार ज्याला राम राम घालतात तो, भर रस्त्यात लोकांच्या बैलांचं शेण गोळा करतो. तो परत येईपर्यंत तिनं कढ काढला. तो आला, टोपली टाकीजवळ ठेवली, हात धुवायला वाकला, आणि तिनं सुरुवात केली. काय बोलली ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. गल्लीनं ऐकलं तेवढं पुरे. टोपली तिनं माळ्यावर फेकली. गॅसची चावी बंद केली आणि बजावलं की ह्या घरात आता शेणावर काही शिजणार नाही. भावकू आप्पानं हात धुतले, पुसले, आणि खुर्चीवर जाऊन बसला.

तो बसला तो बसलाच. गाड्या गेल्या तरी आता सांगेना कुठली कुणाची. सकाळी चहा पुढ्यात ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच. सदऱ्याची गुंडी उघडी राहिली तर उघडीच. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला, काही नाही, वय झालं. वय आठ दिवसांत होतं काय, असं बाळाबाईनं त्याला विचारलं, पण नेहमीसारखा तिखटपणा आवाजात आला नाही.

रेणुका सासूपुढं कधी बोलायची नाही. त्या दिवशी परड्यात तीन दगडांपुढं बसून, डोळे पुसत, मान वर न करता ती बोलली.

"आत्या, शेण आणत हुते तवा मामा दोन भाकरी खात हुते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाबाई माळ्यावर चढली. तिच्या गुडघ्यांना माळा वर्ज्य होता. टोपली काढली, झटकली, खुर्चीच्या पायाशी आणून ठेवली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "टाकी पार बसलीया. शेण पायजे."

त्यानं वाकून टोपलीच्या कडेला हात लावला. मग म्हणाला, "लोक बोलत्यात म्हणालतीस."

"बोलू देत. तोंडं हायत त्यांना."

तो उठला. पायताण शोधायला त्याला वेळ लागला. तो गेला आणि थोड्या वेळानं, कुणाला न सांगता, डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाळाबाई त्याच्या मागं निघाली. पडला-बिडला तर जवळ कुणी असावं, म्हणून.

मोठ्या रस्त्याला पिंजरानं भरलेली एक गाडी येत होती. भावकू आप्पा बाजूला थांबला, गाडी पुढं जाऊ दिली आणि मग तिच्या मागं चालायला लागला. गाडीवाल्यानं वळूनही बघितलं नाही, एवढी त्याला सवय. आप्पानं उजवा हात गाडीच्या मागच्या फळीवर ठेवला. त्याची पाठ सरळ झाली. पाऊल बैलांच्या पावलाला जुळलं. तो जिभेनं टकटक आवाज काढत होता, काहीतरी बोलत होता. गाडीवाल्याशी नव्हे, बैलांशी. पुढं बैलानं शेण टाकलं. गाडी त्यावरून गेली. आप्पा त्याच्यापाशी आला, त्यानं पाय उचलून जपून ते ओलांडलं, आणि पुढं गेला. रिकामी टोपली काखेत हलत होती. इतक्या दिवसांनी बैलाच्या मागं चालायला मिळालं आणि शेण उचलायचं तो विसरूनच गेला होता.

बाळाबाई तिथंच उभी राहिली. तिला पहिल्यांदा राग आला, कारण तिला पहिल्यांदा तोच येत असे. इतके दिवस तिला वाटत होतं, हा माणूस तिच्या जाळासाठी, तिच्या टाकीसाठी गावाची बोलणी खातोय. तिच्यासाठी त्यातलं काहीच नव्हतं. मग तिनं पुन्हा पुढं बघितलं. लांबून तो तरणा दिसत होता. आणि घरी गेल्यावर तो टोपली खाली ठेवील, आत बघील, आणि ती रिकामी असेल. मग उद्या तो कुठल्या तोंडानं निघेल, हे तिला कळलं.

ती खाली बसली. दोन्ही हातांनी ते शेण गोळा केलं. ठेवायला काही नव्हतं, म्हणून लुगड्याचा पदर पुढं धरला. नवं लुगडं होतं, दसऱ्याचं.

तेवढ्यात मागनं गावचा टेम्पो आला आणि शेजारी थांबला. भाजीच्या पोत्यांवर गावातली सात-आठ माणसं, आणि सगळ्यांत पुढं सुभेदार मारुतीराव. त्यांनी खाली वाकून बघितलं. बाळाबाई भर रस्त्यात पदरात शेण घेऊन.

"बाळाबाई, हे काय?"

"दिसत न्हाय व्हय? टाकी मोठी हाय आमची," बाळाबाई म्हणाली. "आणि हॉर्न वाजवू नगासा. फुडं आमचं मालक चालल्यात. बैलं बिचकतील."

टेम्पो तसाच तिच्या मागं थोडा वेळ सावकाश चालत राहिला. पुढं आणखी एका ठिकाणी रस्त्यात शेण पडलं होतं. तो वळून बघणार नाही एवढं अंतर ठेवून ती तिथपर्यंत गेली आणि पुन्हा वाकली.